एकाच काचेचे दोन अपवर्तनांक: १.४४४ की १.४६८?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. फायबरची लाइन तुटली. तुम्ही १५५० नॅनोमीटरवर ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडून, परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर सांगणारं यंत्र) लावला आणि अपवर्तनांकाच्या (निर्वातापेक्षा काचेत प्रकाश किती पट हळू जातो त्या आकड्याच्या) रकान्यात पुस्तकातला सिलिकाचा, म्हणजे फायबरच्या काचेचा, आकडा भरला, १.४४४. यंत्राने ३८.४ किमीवर तूट दाखवली. तिथे खड्डा घेतला तर केबल धडधाकट. खरी तूट रस्त्याच्या मापाने जवळजवळ १.४ किमी अलीकडे निघाली. सहकारी म्हणाला, तिथे १.४६८ भरायचा असतो. त्यावर तुमचं म्हणणं असं की एकाच काचेला दोन अपवर्तनांक कसे असतील? आणि त्याच्या जोडीला तीन मूलभूत प्रश्न: अवकाशात काहीच नसताना प्रकाश जातो कसा, काचेत तो हळू का होतो, आणि काचेतून बाहेर पडल्यावर पुन्हा वेग घ्यायला ऊर्जा कुठून आणतो. शिवाय पिंग, म्हणजे इंटरनेटवर निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती कमी होऊ शकतो हा एक उपप्रश्न.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ‘प्रकाशाचा वेग’ म्हणताना आपण नेमका कशाचा वेग धरतो. खड्ड्यापुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्या १.४ किमीपैकी निम्म्याहून कमी चूक अपवर्तनांकाची आहे. बाकीची केबलच्या बांधणीची आणि चेंबरमधल्या (जोडाच्या खड्ड्यातल्या) लूपची, म्हणजे तिथे गुंडाळून ठेवलेल्या जादा केबलची. म्हणजे सहकाऱ्याचं बरोबर असलं तरी १.४६८ भरून तुम्ही योग्य जागी पोहोचला नसताच. हिशेब खाली करू. पण १.४६८ येतो कुठून हे कळलं नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी तक्त्यातला आकडा उचलला जाईल, म्हणून आधी भौतिकी.

रिकाम्या जागेपासून सुरुवात करू. आवाजाला हवा लागते आणि लाटेला पाणी लागतं, कारण तिथे हलतं ते हवा किंवा पाणीच. प्रकाशात हलतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं, आणि क्षेत्राला राहायला पदार्थ लागत नाही. दोन चुंबक पेटीत ठेवून पंपाने हवा काढून घेतली तरी ते एकमेकांना ओढतच राहतात. बदलत्या विद्युतक्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्र येतं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रासोबत विद्युतक्षेत्र. मॅक्सवेलने १८६० च्या दशकात ही समीकरणं एकत्र मांडली तेव्हा त्यातून पुढे सरकणारी लहर निघाली, आणि तिचा वेग काढायला प्रकाशाचं एकही मोजमाप लागलं नाही. तुम्हीही कॅल्क्युलेटरवर करून बघा. निर्वाताची विद्युत पारगम्यता मीटरमागे ८.८५४ पिकोफॅरड, चुंबकीय पारगम्यता मीटरमागे १.२५७ मायक्रोहेन्री. दोन्हींचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. कपॅसिटर आणि कॉइलच्या दुनियेतले हे आकडे आहेत. ज्या गुणोत्तरावरून मॅक्सवेलने वेग काढला ते वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये लायडन जारमधला (जुन्या काळच्या कपॅसिटरमधला) विद्युतभार दोन पद्धतींनी मोजून मिळवलं होतं. त्या प्रयोगात दिवाही नव्हता आणि भिंगही नव्हतं.

तरीही पुढची काही दशकं लोक ‘ईथर’ नावाचं माध्यम धरून बसले होते. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ मध्ये क्लीव्हलँडला त्या ईथरमधून पृथ्वी धावत असल्याचा परिणाम शोधला. अपेक्षित परिणाम दिसला नाही. आज तर १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावर बेतलेली आहे, त्यामुळे निर्वातातला वेग म्हणजे सेकंदाला बरोबर २९,९७,९२,४५८ मीटर. त्याला मोजमापाची अनिश्चितता उरलेलीच नाही.

आता काच. काचेत जागा तीच, क्षेत्रं तीच. भर पडते ती इलेक्ट्रॉनांची.

काचेचा एक अतिशय पातळ पापुद्रा डोळ्यांसमोर आणा. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र त्यातल्या इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्याच वारंवारतेने हलवतं, आणि हलणारा विद्युतभार स्वतः लहर सोडतो. पापुद्र्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांनी पुढच्या दिशेला सोडलेल्या लहरींची बेरीज केली तर ती मूळ लहरीपेक्षा पाव आवर्तन मागे असते. मोठ्या लहरीत पाव आवर्तन मागे असलेली एक बारीक लहर मिसळली की एकूण उंची जवळपास तीच राहते, पण शिखर किंचित मागे सरकतं. पुढच्या पापुद्र्यात आणखी किंचित. मिलिमीटरभर काचेत असे असंख्य पापुद्रे असतात, आणि या सगळ्या ‘किंचित’ची बेरीज म्हणजेच अपवर्तनांक. यात मूळ लहर निर्वाताच्याच वेगाने जाते, इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या लहरीही त्याच वेगाने जातात. मागे पडते ती त्यांच्या बेरजेची शिखरं.

बाहेर पडताना ऊर्जा कोण देतं, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. काच संपली की मागे ओढणाऱ्या लहरींची भर पडणं थांबतं. उरलेल्या लहरीला निर्वाताच्या वेगाशिवाय दुसरा वेगच नाही. काचेच्या आत ऊर्जेचा काही भाग हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडे असतो आणि शेवटच्या पृष्ठभागाशी तो लहरीत परत येतो. बाहेरून काहीही पुरवावं लागत नाही. वारंवारताही बदलत नाही, कारण इलेक्ट्रॉन मिळालेल्या तालावरच हलतात. बदलते ती तरंगलांबी. हेलियम-निऑन लेझरचा ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश १.५१५ अपवर्तनांकाच्या काचेत ४१८ नॅनोमीटरचा होतो, पण तो जांभळा होत नाही आणि बाहेर येताना पुन्हा ६३३.

‘काचेत प्रकाशाला अडथळा होतो म्हणून तो दमतो’ हे चित्र डोक्यातून काढून टाका, कारण फायबरवर काम करणाऱ्याला ते दिवसाढवळ्या फसवतं. १५५० नॅनोमीटरला चांगल्या फायबरमध्ये प्रकाशशक्तीचा ऱ्हास किलोमीटरला ०.२ डीबी (डेसिबल). १०० किमीनंतर २० डीबी, म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश उरतो. पण जो उरतो त्याचा शंभराव्या किलोमीटरमधला वेग पहिल्या किलोमीटरमधल्या वेगाइतकाच असतो. शक्ती कमी होणं आणि वेग कमी होणं ही दोन वेगळी खाती आहेत.

दुसरं एक स्पष्टीकरण इंटरनेटवर फार फिरतं: अणू फोटॉन गिळतो, जरा थांबतो आणि पुन्हा सोडतो, म्हणून उशीर. असं खरंच होत असतं तर सोडलेला फोटॉन कुठल्याही दिशेला गेला असता आणि खिडकीच्या काचेतून समोरची इमारत दिसली नसती, नुसता पांढुरका उजेड दिसला असता. शिवाय अणू गिळतात ते ठरावीक वारंवारतांचा प्रकाश, आणि काच तर संपूर्ण दृश्य पट्ट्याला सलग उशीर करते. पुढच्या दिशेची लहर टिकते आणि बाजूच्या लहरी एकमेकींना खोडतात, याचं कारण अणू तरंगलांबीपेक्षा फारच जवळजवळ असतात. मात्र काच गोठताना तिच्या घनतेत बारीक चढउतार राहून जातात आणि तेवढी खोडाखोड अपुरी राहते. तेच रॅले विकिरण. १५५० ला उरणाऱ्या ऱ्हासाचा मोठा वाटा त्याचाच, आणि तुमचा ओटीडीआर वाचतो तोही त्यातला मागे फिरलेला अंशच. काच निर्दोष असती तर पडद्यावर तिरकी रेघ आलीच नसती, फक्त टोकांचे टोचे (परतलेल्या प्रकाशाच्या उंच, अणकुचीदार खुणा) दिसले असते.

मग वेगवेगळ्या रंगांना उशीर वेगवेगळा का? इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला असतो आणि त्याची स्वतःची अशी एक वारंवारता असते. झोपाळ्यासारखंच हे: त्याच्या लयीपेक्षा सावकाश ढकललं तर तो हाताबरोबर येतो, लयीच्या जवळ ढकललं तर मोठा झोका घेतो, आणि लयीपेक्षा फार घाईने ढकललं तर उलट दिशेला राहतो. सिलिकामधल्या इलेक्ट्रॉनांची लय दूरच्या अतिनील पट्ट्यात आहे. दृश्य प्रकाश तिच्या खाली, पण निळा तिला अधिक जवळ, म्हणून निळ्याला जास्त प्रतिसाद आणि जास्त उशीर. भिंगं बनवणाऱ्यांची नेहमीची बीके-७ काच घ्या. निळ्या ४८६ नॅनोमीटरला तिचा अपवर्तनांक १.५२२४ आणि तांबड्या ६५६ ला १.५१४३. या फरकाला अपस्करण म्हणतात. लोलकातले रंग यातूनच, आणि तुमचा १.४६८ सुद्धा यातूनच.

कसा ते बघा. पुस्तकातला अपवर्तनांक अखंड, कायम चालू असलेल्या एकाच वारंवारतेच्या लहरीची शिखरं किती वेगाने सरकतात ते सांगतो. त्याला कलावेग म्हणतात. पण ओटीडीआर अखंड लहर पाठवत नाही, स्पंद पाठवतो. स्पंद म्हणजे अनेक जवळजवळच्या वारंवारतांची गर्दी. त्या सगळ्यांची शिखरं जिथे एकत्र येतात तिथे स्पंदाचा उंचवटा असतो. प्रत्येक वारंवारता थोड्या वेगळ्या वेगाने जात असेल तर शिखरं जुळण्याची जागा आतल्या शिखरांपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते. हा समूहवेग. काचेत तो कलावेगापेक्षा कमी असतो.

किती कमी, हेही काढता येतं. सिलिकात १५५० च्या आसपास तरंगलांबी वाढेल तसा अपवर्तनांक मायक्रोमीटरला सुमारे ०.०१२ या दराने उतरतो. समूहासाठीचा आकडा काढायचा तर हा उतार तरंगलांबीने गुणायचा आणि मूळ अपवर्तनांकात मिळवायचा. १.५५ गुणिले ०.०१२ म्हणजे ०.०१८६. १.४४४ मध्ये ते मिळवलं की १.४६२६ येतं. हे झालं शुद्ध सिलिकाचं. नेहमीच्या सिंगल मोड फायबरच्या गाभ्यात जर्मेनियम मिसळून अपवर्तनांक जरासा वाढवलेला असतो, नाहीतर प्रकाश गाभ्याला धरून राहणारच नाही. त्यामुळे आकडा आणखी अर्ध्या शतांशाने वर जातो आणि १.४६८ च्या घरात पोहोचतो. कॉर्निंग या कंपनीच्या एसएमएफ-२८ घराण्यातल्या फायबरच्या माहितीपत्रकात १३१० नॅनोमीटरला १.४६७६ आणि १५५० ला १.४६८२ दिलेला आहे. दुसऱ्या कंपनीचा फायबर असेल तर तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थानी फरक पडतो, म्हणून त्या केबलचं माहितीपत्रक असेल तर तेच वापरा. नसेल तर १.४६८.

थोडक्यात, तुमचा १.४४४ चुकीचा नाही. तो शिखरांचा आकडा आहे, आणि तुम्ही मोजत होतात स्पंदाला लागलेला वेळ. काचेत प्रकाश किती वाकेल, पृष्ठभागावरून किती परतेल हे कलावेगाच्या अपवर्तनांकावरून काढायचं. वेळ मोजायची असेल, म्हणजे अंतर, विलंब, पिंग, तर समूहाचा अपवर्तनांक लागतो.

(कलावेग निर्वाताच्या वेगापेक्षा जास्तही असू शकतो आणि त्यात काही बिघडत नाही, कारण नुसती शिखरं निरोप नेत नाहीत. क्ष-किरणांसाठी काचेचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो, तो याच अर्थाने. उलट, एखाद्या पदार्थातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा तिथला कण जास्त वेगाने जाऊ शकतो. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किमीने जातो. अणुभट्टीच्या टाकीत काही इलेक्ट्रॉन त्याहून वेगाने धावतात आणि निळी झळाळी दिसते. ट्रॉम्बेची १९५६ ची अप्सरा ही अशीच पाण्याच्या टाकीतली भट्टी होती. निर्वाताच्या वेगाची मर्यादा तिथेही कोणी ओलांडत नाही.)

‘अवकाशात काहीच नाही’ हेही तपासून घ्यायला हवं, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. रेडिओ लहर म्हणजे लांब तरंगलांबीचा प्रकाशच. खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाकडून (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याकडून, म्हणजे पल्सरकडून) एकाच क्षणी निघालेला स्पंद १४०० मेगाहर्ट्झवर आधी पोहोचतो आणि ४०० मेगाहर्ट्झवर सुमारे १.३५ सेकंद उशिरा. तेही सुमारे ६५०० प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर. वाटेत सरासरी घन सेंटिमीटरला ०.०३ इलेक्ट्रॉन, म्हणजे तीस-पस्तीस घन सेंटिमीटरमध्ये मिळून एखादाच. तेवढ्यानेही हा फरक पडतो. क्रम काचेच्या उलट आहे हे लक्षात घ्या: काचेत दृश्य प्रकाशापैकी जास्त वारंवारतेचा मागे पडतो, इथे कमी वारंवारतेचा. इथले इलेक्ट्रॉन मोकळे आहेत, त्यांना बांधणारी लय नाही, म्हणून कुठलीही वारंवारता त्यांच्यासाठी ‘घाईची’च ठरते. शिखरं निर्वातापेक्षा वेगाने सरकतात आणि स्पंद हळू. कलावेग आणि समूहवेग वेगळे असतात याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

तिथेच पुढची गंमत म्हणजे इतका प्रवास करून आलेला संकेत शेवटचे काही किलोमीटर फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत जातो. फायबरमध्ये किलोमीटरला ४.९ मायक्रोसेकंद लागतात. १४ किमी फायबरला ६८ ते ६९ मायक्रोसेकंद. दूरच्या आणि जवळच्या तबकडीतला हा फरक भरून काढल्याशिवाय संकेत एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात तापमानाची भर: फायबरचा विलंब एका अंशाला किलोमीटरमागे सुमारे ३७ पिकोसेकंदांनी बदलतो. त्यात फायबर लांबल्याचा वाटा थोडा आणि अपवर्तनांक बदलल्याचा जास्त. १४ किमीला एका अंशाने अर्धा नॅनोसेकंद होतो. १४०० मेगाहर्ट्झचं एक आवर्तनच ०.७१ नॅनोसेकंदाचं. केबल जमिनीत पुरलेली असते तेव्हा दिवसरात्रीचा फेर तिला कमी लागतो, पण अशा जाळ्यांना ओळखीच्या स्रोताकडे वळून मधूनमधून कला (लहरींच्या शिखरांची जागा) पुन्हा जुळवून घ्यावी लागते, त्याचं हेही एक कारण. तुमच्या ओटीडीआरच्या कामात तापमानाचा हा परिणाम विसरलात तरी चालेल. २० अंशांचा फरक धरला तरी ४० किमीला पाच-सहा मीटरच होतात.

आता तुमच्या खड्ड्याचा हिशेब. ओटीडीआर अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. परत आलेल्या प्रकाशाला लागलेला वेळ, गुणिले निर्वातातला वेग, भागिले तुम्ही भरलेल्या अपवर्तनांकाची दुप्पट. दुप्पट कशासाठी, तर जाणं-येणं. तुम्ही १.४४४ भरला आणि ३८.४ किमी मिळाले. तोच वेळ १.४६८ ने वाचला तर ३८.४ गुणिले १.४४४ भागिले १.४६८, म्हणजे ३७.७७ किमी. इथे ६३० मीटर गेले.

पण ही फायबरची लांबी झाली, केबलची नव्हे. लूज ट्यूब केबलमध्ये नळ्या मधल्या दांड्याभोवती पीळ देऊन बसवलेल्या असतात आणि फायबर नळीत थोडा सैल सोडलेला असतो, म्हणजे केबल ओढली तरी फायबरवर ताण येत नाही. त्यामुळे फायबर केबलच्या आवरणापेक्षा लांब भरतो. किती, ते बांधणीवर अवलंबून आहे. मी इथे दीड टक्का धरतो. तुमच्या केबलचा खरा आकडा माहितीपत्रकात ‘हेलिक्स फॅक्टर’ किंवा जास्तीची फायबर लांबी या नावाने मिळेल. ३७.७७ ला १.०१५ ने भागलं की केबल ३७.२१ किमी. आणखी ५६० मीटर गेले.

आणि केबलही रस्त्याइतकी नसते. ४ किमीच्या ड्रमने टाकलेल्या लाइनवर ३७ किमीपर्यंत ९ जॉइंट येतात. प्रत्येक जॉइंटला दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर केबल चेंबरमध्ये लूप करून ठेवलेली असेल तर १८० मीटर तिथे गेले. रस्त्याचं अंतर उरलं ३७.०३ किमी. एकूण फरक १.३७ किमी, आणि तुम्हाला तूट सापडली ती साधारण तिथेच. दीड टक्का आणि दहा मीटर हे माझे अंदाज आहेत, त्यामुळे बेरीज इतकी नेमकी जुळण्यात थोडा योगायोग आहे. तीन चुका एकाच दिशेला साचल्या, हे मात्र योगायोगाने झालेलं नाही: लांबी वाढवणाऱ्या गोष्टी सगळ्या असतात, कमी करणारी एकही नसते. म्हणून ओटीडीआरच्या आकड्यावर थेट खड्डा घ्यायचा झाला, तर शोध नेहमी अलीकडच्या बाजूला सुरू करावा.

खरं तर थेट आकड्यावर खणूच नये. एवढ्या लांबीवर अपवर्तनांकातली ०.०१ ची चूकही अडीचशे मीटरचा फरक पाडते. त्यापेक्षा तुटीच्या अलीकडचा, जमिनीवर नक्की माहीत असलेला जॉइंट शोधा आणि तिथून तुटीपर्यंतचं अंतर पडद्यावरच्या दोन कर्सरने मोजा. समजा ते १.२ किमी आलं, तर १.४४४ भरलेला असतानाही चूक २० मीटरच राहते. त्यातून दीड टक्का वजा करा आणि त्या चेंबरमधला लूप काढून टाका. एवढं केल्यावर एक-दोन खड्ड्यांत काम होतं. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. जॉइंटशी तो वाचून ठेवलेला असेल तर खड्ड्यात केबल दिसताच अजून किती मीटर जायचं ते वजाबाकीने कळतं, आणि रस्त्याच्या मापाची गरजच राहत नाही. जॉइंट करताना दोन्ही बाजूंचे हे आकडे वहीत लिहून ठेवायला मिनिट लागतं. ते न लिहिण्याची किंमत जेसीबीच्या भाड्यात मोजावी लागते.

अडचण अशी की चांगला स्प्लाइस (दोन फायबरचा जोड) ०.०२-०.०३ डीबीचा असतो आणि तुटीजवळच्या गोंगाटात पडद्यावर दिसतच नाही. त्यासाठी एक माणूस त्या चेंबरवर पाठवा. त्याने क्लोजर (जोडावरची पेटी) उघडून तोच फायबर पेन्सिलएवढ्या जाडीच्या गोलाईत काही क्षण हलकेच वाकवायचा. ओटीडीआर १५५० वर चालू ठेवा. त्या जागी रेघेत पायरी पडेल. कर्सर तिथे ठेवा आणि वाक सोडायला सांगा. १५५० च का? प्रकाश गाभ्याच्या काटेकोर हद्दीत राहत नाही. गाभा ८ मायक्रोमीटरच्या आसपास असला तरी प्रकाशाचा पसारा १३१० ला सुमारे ९.२ आणि १५५० ला १०.४ मायक्रोमीटर व्यासाचा असतो, बाकीचा भाग गाभ्याभोवतीच्या काचेतून चालतो. पसारा जितका मोठा, तितका तो वाकावर लवकर गळतो. याच कारणासाठी, १५५० ला मोठी पायरी आणि १३१० ला जवळपास काहीच नाही असं दिसलं तर तो फायबर कुठेतरी दाबला किंवा वाकला आहे असं समजा, खराब स्प्लाइसवर संशय घेऊ नका.

स्पंदाची रुंदीही सांभाळा. १० नॅनोसेकंदांचा स्पंद म्हणजे पडद्यावर १ मीटर, १ मायक्रोसेकंद म्हणजे १०० मीटर, १० मायक्रोसेकंद म्हणजे १ किमी. दूरचं दिसायला रुंद स्पंद लागतो, पण त्याच्या पोटात जवळजवळचे दोन जॉइंट एकच होऊन दिसतात. ४० किमीला आधी १ मायक्रोसेकंद लावून बघा, मगच वाढवा. तूट स्वच्छ कापलेली असेल तर काच-हवा सीमेवर सुमारे ३.३ टक्के प्रकाश परततो आणि उंच टोचा दिसतो. चिरडलेल्या किंवा पाणी शिरलेल्या टोकाला टोचा जवळपास नसतो, रेघ नुसती खाली कोसळते. टोचा दिसला नाही म्हणून ‘तूट नाही’ असा अर्थ काढू नका. आणि टोक तपासताना त्यात डोळा घालू नका, हा प्रकाश दिसत नाही.

दुसऱ्या टोकाकडूनही मोजता येत असेल तर जरूर मोजा. दोन्ही आकड्यांची बेरीज फायबरच्या नोंदवलेल्या एकूण लांबीशी जुळली तर तूट एकच आहे. कमी भरली तर मध्ये तुकडा आहे, म्हणजे दोन तुटी. नोंद मात्र त्याच अपवर्तनांकाने केलेली असली पाहिजे.

तुमच्या पिंगच्या उपप्रश्नाचं झटपट सांगतो. मुंबई ते दिल्ली फायबर १४०० किमीचा धरला तर जाऊन-येऊन १३.७ मिलिसेकंद ही काचेची किंमत. त्याखाली कुठलाही राउटर तुम्हाला नेणार नाही. पिंग ३० दाखवत असेल तर वरचे १६ लांबच्या मार्गाचे आणि वाटेतल्या यंत्रांचे. तक्रार करायची तर त्यांची. हवेतून सरळ रेषेत, ११५० किमी धरून, हाच फेरा ७.७ मिलिसेकंदांत होईल. पोकळ गाभ्याच्या नव्या फायबरमध्ये प्रकाश हवेतूनच जातो आणि किलोमीटरला सुमारे दीड मायक्रोसेकंद वाचतो, म्हणून त्यांची इतकी चर्चा चालू आहे.

हवेचा अपवर्तनांकही बरोबर १ नाही, समुद्रसपाटीला सुमारे १.०००२८ आहे. फायबरवाल्याला याने फरक पडत नाही, पण तुमच्याबरोबर टोटल स्टेशनने (प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) मार्गाची मोजणी करणाऱ्याला पडतो. त्याने यंत्रात समुद्रसपाटीचा हवेचा दाब तसाच ठेवून महाबळेश्वरच्या उंचीवर मोजलं तर नुसत्या दाबापोटी किलोमीटरला चारेक सेंटिमीटर अंतर कमी भरेल. हवा विरळ, प्रकाश जरा लवकर परततो, आणि यंत्राला वाटतं की खूण जवळ आहे.

राहता राहिली जुनी-नवी मिश्र लाइन. मधल्या काही किलोमीटरला नवीन वाकसह्य फायबर, म्हणजे जी.६५७ जातीचा, जोडलेला असेल तर पेन्सिलीची युक्ती तिथे चालणार नाही, कारण तो वाकवला तरी जवळपास गळत नाही. अशा तुकड्यात जॉइंटचं ठिकाण आधीच्या नोंदींवरूनच काढावं लागतं. शिवाय दोन जातींच्या प्रकाश-पसाऱ्यात फरक असल्यामुळे त्यांच्या जोडावर एका दिशेने मोजताना ऱ्हासाऐवजी ‘वाढ’ दिसू शकते. ती वाढ खरी नसते. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्या. अपवर्तनांक मात्र लांब असलेल्या फायबरचा भरा.